करार कुणी मागितला

कोरिन ल्युबकेला लहानपणापासून एक खोड होती. दहा माणसं एखाद्या गोष्टीवर मान डोलावत बसली की हिच्या डोक्यात नेमका तेव्हाच 'पण का?' उगवायचा. शाळेतल्या बाईंनी त्यापायी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. पुढे विद्यापीठाने त्याच खोडीचा पगार द्यायला सुरुवात केली आणि कोरिन नदीतल्या शिंपल्यांची प्राध्यापक झाली.

शिंपल्याचं पोर एकटं वाढत नाही. ते आधी माशाच्या कल्ल्यात जाऊन बसतं, काही दिवस तिथेच राहतं, आणि अंगात जरा ताकद आली की गळून तळाशी जातं. म्हणून शिंपल्याची आई आपल्या मांसाची एक झालर पाण्यात अशी हलवते की वाटावं छोटा मासाच पोहतोय. मोठा मासा तोंड मारायला येतो आणि तोंडभर पोरं घेऊन परत जातो. इतकी वर्षं झाली, तरी हा प्रकार दिसला की कोरिन खुर्ची ओढून समोर बसायची.

हे सगळं चालायचं नदीकाठच्या जुन्या मत्स्यबीज केंद्रात. विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात नदी दरवर्षी गोठते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्या जानेवारीत मात्र पैसाही गोठला. वॉशिंग्टनहून येणारा संशोधनाचा निधी 'फेरतपासणीसाठी' थांबवला गेला. टाक्यांचं पाणी गरम ठेवणारी वीज त्या निधीतून यायची, माशांचा खुराक त्यातून यायचा, आणि सिसा गुआमानचं विद्यावेतनही त्यातूनच यायचं.

सिसा एक्वादोरची. पीएचडीचं शेवटचं वर्ष. विद्यावेतन थांबलं की तिचं नाव पटावरून जाणार, पटावरून गेलं की विद्यापीठाला ते परदेशी नागरिकांच्या खात्याला कळवावं लागणार, आणि त्यांना कळलं की सिसाने बॅग भरायची. महिनाअखेर जवळ आली होती.

सोमवारी दुपारी कुलगुरूंचा ईमेल आला. कोरिन तो टाक्यांच्या मधल्या बोळात उभी राहून मोठ्याने वाचायला लागली.

"सिसा! पैसा सुटणार बघ! 'निधीचा मार्ग मोकळा होईल अशी आशा आहे.' हॅलने लिहिलंय, स्वतः."

सिसा गुडघ्यांवर बसून टाकीच्या तळातला गाळ चाळत होती. तिने मान वर केली नाही. "मी वाचलंय, डॉक्टोरा. त्याच्या आधीचं वाक्य वाचा."

नावाने हाक मार, असं कोरिन तिला पहिल्या दिवसापासून सांगत होती. सिसाच्या गावात शिकवणाऱ्या बाईला नावाने हाक मारणं म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटण्यासारखं, त्यामुळे ते 'डॉक्टोरा' काही सुटलं नाही.

आधीचं वाक्य असं होतं की येत्या शुक्रवारी विद्यापीठाचं पोलीस दल त्या परदेशी नागरिकांच्या खात्याशी करार करणार आहे. विद्यापीठाच्या हद्दीत आपले पोलीस यापुढे कुणालाही थांबवून कागदपत्रं विचारू शकतील, आणि कागद नसतील तर धरून त्या खात्याच्या हवाली करू शकतील.

"तुझे कागद तर चोख आहेत," कोरिन म्हणाली.

"माझे आहेत," सिसा म्हणाली, आणि गाळातून साबुदाण्याच्या दाण्याएवढा शिंपला चिमट्याने अलगद उचलून वाटीत ठेवला.

कोरिनची ट्यूब पेटायला थोडा वेळ लागला. सिसाचा मोठा भाऊ अमारू वरच्या टेकडीवरच्या गोठ्यात गाई दोहायचा. गावाची बस पुलापासूनच परत फिरायची, म्हणून दुपारचं दूध काढून झालं की तो निळा ट्रक घेऊन बहिणीला न्यायला यायचा आणि इंजिन चालू ठेवून बाहेर थांबायचा. ती त्याला 'न्यान्यो' म्हणायची, तिकडे भावाला तसंच म्हणतात. जिल्ह्यातल्या निम्म्या गाई ज्यांच्या हातून दुभत होत्या, त्यांच्या कागदांबद्दल इथे कुणी विचारत नसे. गाईवाले विचारत नसत, चीजवाले विचारत नसत. आणि जगाला प्रश्न विचारत सुटलेल्या कोरिननेही हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता.

"म्हणजे पैसा आला तर तू राहतेस, आणि तो..."

"तो मला घ्यायला येऊ शकत नाही. इकडे फिरकूच शकत नाही. आणि तो रस्त्यातच धरला गेला, तर मी इथे शिंपले वेचत बसू?" सिसा उठली. गुडघे ओले झाले होते. "तुम्ही आनंद करा, डॉक्टोरा. खरंच. मी रागावलेले नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं कोरिनला वाटलं.

"पण हे मागितलं कुणी?" तिने विचारलं.

"सरकारने. दुसरं कोण मागणार?"

"सरकार म्हणजे कोण? त्याला काही नाव असेल की नाही? टेबल असेल, खुर्ची असेल."

सिसाला पहिल्यांदा हसू आलं. "आमच्याकडे असं विचारणाऱ्या माणसाला घरचे आधी पोटभर जेवू घालतात आणि मग हळूच समजावतात."

कोरिनला जेवणही नको होतं आणि समजूतही. तिला नाव हवं होतं.

ती आधी ड्युएन स्टँगेलँडकडे गेली. ड्युएन विद्यापीठाच्या पोलिसांचा प्रमुख आणि कोरिनच्या शेजारचा. मंगळवारी त्याची सुट्टी असायची आणि त्या दिवशी तो गोठलेल्या नदीवरच्या आपल्या टपरीत, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून बसायचा.

"दार लाव आधी, माझी ऊब पळतेय," तो म्हणाला. "आणि उभी राहू नकोस, माशांना सावली कळते."

कोरिन उलट्या बादलीवर बसली. "ड्युएन, तो करार तू मागितलास?"

"मी? अगं, माझ्याकडे माणसं किती आणि कामं कसली! चोरलेल्या सायकली. कारंज्यात झोपलेली पोरं. मागच्या आठवड्यात ग्रंथालयात खार शिरली, तर तिच्यामागे दोन माणसं धावत होती. मला कशाला हवंय हे झेंगट?"

"मग नको म्हणायचं होतंस."

"वरून आलंय."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे हॅल. आणखी वर असेल तर मला दिसत नाही." त्याने गळाची दोरी उगाच थोडी वर ओढली. "एखाद्याच्या गाडीचा मागचा दिवा गेला असला की मी थांबवतो, सांगतो, बाबा रे, दिवा बघ. तो थँक यू म्हणतो, जातो. आता थांबवलं की कागद विचारायचे. मग मी काय करणार, माहितीये? दिवा गेलेला दिसला की दुसरीकडे बघणार."

"हे हॅलला सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही." ड्युएनने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याला जेवणाच्या टेबलावर पाय ठेवायला सांगितलं होतं. "न विचारता कसं सांगणार?"

संशोधन विभागाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, थेट त्यांच्याकडून आलंय. त्यांच्याकडून म्हणजे कुणाकडून, तर ते कुलगुरूंना माहीत. विद्यापीठाचा वकील म्हणाला, मी फक्त मसुद्यातले स्वल्पविराम बघितले. प्राध्यापकांच्या सभेचा कारभार ईमेलवर चालू होता आणि तिथे 'चिंता' लिहावं की 'तीव्र चिंता', यावर एवढी पत्रापत्री झाली होती की मूळ करार त्या ढिगाखाली गाडला गेला होता. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि तेही अगदी अदबीने, कोपर अंगाला चिकटवून. सरळ प्रश्न विचारणं ही त्या मुलखात असभ्यपणाचीच एक तऱ्हा आहे. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कारण समोरच्याला अवघडल्यासारखं झालं असतं.

बुधवारी माशांना खायला घालताना कोरिनच्या हातातला डबा मध्येच थांबला. तिला स्वतःचीच एक गोष्ट दिसली, आणि ती काही फार देखणी नव्हती. आणखी नाही विचारलं तर काय होईल? शुक्रवारी सह्या होतील, पैसा येईल, हे पाणी गरम राहील. या पोरांना नदीत सोडण्याइतकं मोठं करायला तिला आणखी दोन हिवाळे लागणार होते. अमारू काय, दुसरीकडे कुठेतरी उभा राहील. सिसा पुलापर्यंत चालत जाईल. चालतात की माणसं.

माशांनी पाण्यावर तोंडं काढली होती, ती उघडीच राहिली. मग तिने उरलेला खुराक एकदम टाकला आणि दुसऱ्या दिवशी हॅलच्या घरी जायचं मनाशी पक्कं केलं.

कुलगुरू हॅल ऑफ्टेडाल याच जिल्ह्यातल्या गोठ्यात वाढलेला. कोरिन आणि तो एकाच वर्षी विद्यापीठात लागले होते. तो पुढे खुर्च्या चढत गेला आणि ती पाण्यात उतरत गेली, पण एकमेकांकडे येणंजाणं टिकलं होतं. नाताळात त्याची बायको बेव्ह हिने पाठवलेलं काचेचं भांडं कोरिनकडे पडून होतं. रिकामं भांडं परत करायची तिथे पद्धत नाही, म्हणून तिने त्यात बटाट्याचं हॉटडिश, भट्टीत भाजलेला तिकडचा घरगुती पदार्थ, भरलं आणि गुरुवारी चार वाजता बेल वाजवली.

हॅल वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कॉफी झाली, बेव्हच्या लिंबाच्या वड्या झाल्या, थंडी झाली, बेव्हचा गुडघा झाला. मग कोरिनने विचारलंच.

"मागितलं त्यांनी," हॅल म्हणाला. "सरळ तोंडाने नाही. पण कळतं ना आपल्याला. निधी थांबला त्या आठवड्यात मी वॉशिंग्टनला फोन केला. या खात्यातून त्या खात्यात, त्यातून तिसऱ्यात. शेवटी एक सभ्य गृहस्थ भेटले, टॉलिव्हर म्हणून, परदेशी नागरिकांच्या खात्यातले. मी त्यांना आपल्या परदेशी विद्यार्थ्यांचं विचारलं. ते म्हणाले, माझ्या हातात काही नाही. आणि आठवड्याने हा कराराचा मसुदा आला. आपल्या बोलण्यानुसार सोबत पाठवत आहे, म्हणून."

"तुमचं या करारावर बोलणं झालं होतं?"

"नाही ना! तेच तर! म्हणून तर मला कळलं." हॅलने आवाज खाली आणला. "ही किंमत आहे, कोरिन. असं सांगतात ते."

हॅल खोटं बोलत नव्हता. तो घाबरला होता, आणि एकट्यासाठी नव्हे, हजारो माणसांच्या पगारासाठी घाबरला होता. ती उठायच्या बेतात आली तसं त्याने दोन्ही मांड्यांवर थाप मारली आणि म्हणाला, "बरं तर मग."

त्या मुलखात 'बरं तर मग' म्हणजे निरोपाची नुसती नांदी. मग खोलीच्या दारात थोडं बोलणं, मग चपला-बुटांपाशी, मग उघड्या दारातून थंडी आत येत असताना, मग गाडीची काच खाली करून. कोरिन एका पायात बूट घालत होती. दुसरा हातात होता. हॅल तिचा कोट धरून उभा होता आणि म्हणत होता, "भांड्यासाठी आभार. रस्त्याला जप. आणि हे बघ, आमच्याकडून काहीही करता येण्यासारखं असेल तर सांग हं. अगदी काहीही. संकोच करू नकोस."

कोरिन एका पायावर थांबली.

"हॅल, हे तू आत्ता मनापासून म्हणालास?"

"काय?"

"काहीही करता येण्यासारखं असेल तर."

"अगं, म्हणजे... हो. म्हणतो ना आपण जाताना."

"मी उद्या फोन करून म्हटलं, माझ्या टाक्या घासायला ये, तर?"

"तू कशाला असं म्हणशील?" हॅल गोंधळला.

"त्या टॉलिव्हरचा फोन ठेवताना तू काय म्हणालास?"

स्वयंपाकघरातून बेव्हचा आवाज आला. "हा तर चुकून आलेल्या फोनलाही म्हणतो! परवा कुणी गाद्या विकणारा होता, त्यालाही म्हणाला. मग त्याने गादी पाठवली."

"बेव्ह, तू जरा..." हॅल म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरत चालला होता. तो फोन त्याला शब्दन् शब्द आठवत होता, हे दिसतच होतं. "मी म्हणालो," तो हळूहळू म्हणाला, "की तुम्हा लोकांची कामं अवघड आहेत. आणि आमच्या विद्यापीठाकडून तुमच्यासाठी काही करता येण्यासारखं असेल, तर जरूर कळवा."

"आणि त्याने कळवलं."

"तो कुठला असेल?" हॅलने विचारलं.

"कुठलाही असो. इथला नसणार. त्याला वाटलं तुला खरंच काहीतरी करायचंय."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरची थंडी तिघांच्याही घोट्यांपर्यंत आली तरी कुणी दार लावलं नाही.

"उद्या फोन कर आणि नको म्हण," कोरिन म्हणाली.

"मी?" हॅल कळवळला. "मीच देऊ केलं आणि मीच परत घेऊ? काय म्हणेल तो माणूस?"

"हॅल, तू एका माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून माझ्या सिसाच्या भावाला तुरुंगात घालणार आहेस?"

"तसं नाही गं. आणि समजा ते चिडले? आत्ता निधी नुसता थांबलाय. उद्या कायमचा गेला तर? तुझाच जाईल, कोरिन. तुझ्या टाक्या."

हे मात्र खरं होतं. सबंध आठवड्यात कुणी बोललेलं पहिलं खरं वाक्य. कोरिनने दुसरा बूट घातला, नाडी बांधली, सोडली, परत बांधली.

"जाऊ दे गेला तर," ती म्हणाली. "पण आधी विचारू तरी."

शुक्रवारी सकाळी ती हॅलच्या कचेरीत समोर बसली. सही करायला बोलावलेला ड्युएन गणवेश घालून दाराशी उभा होता. हॅलने फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. प्रकृती झाली, हवा झाली. मग तो तीनदा खाकरला.

"तर तो करार. मी असं म्हणत होतो की तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, आणि आम्हाला फार वाईट वाटतंय, पण बहुधा..."

"नकोय का सर?" टॉलिव्हरचा आवाज उबदार होता, दक्षिणेकडचा, हेल काढून बोलणारा.

हॅलने डोळे मिटले. "नको."

"बरं. मग काढून टाकतो तुमचं नाव. तुम्ही म्हणालात, म्हणून पाठवलं होतं हो. करणारे करतात, न करणारे नाही करत."

ड्युएनने दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

"आणि आमच्या संशोधनाच्या निधीवर याचा काही..."

"कसला निधी, सर?"

"थांबवलेला."

"ते मला काही ठाऊक नाही. ते खातं वेगळं, इमारत वेगळी. आमची त्यांची कँटीनसुद्धा वेगळी आहे."

कचेरीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ज्या किमतीच्या धसक्याने हॅलची झोप उडाली होती, ती किंमत जगात कुणी लावलीच नव्हती. आणि माल काही त्यामुळे सुटत नव्हता.

"तर मग, मिस्टर टॉलिव्हर, फार आभार. थंडीत जपा. आणि आमच्याकडून काही करता ये..."

कोरिनने हात पुढे करून फोन बंद केला.

"असं मध्येच?" हॅल हादरला. "त्याला काय वाटेल!"

"गादी पाठवणार नाही तो आता," ती म्हणाली. "हॅल, ऐक. निधी येत नाही, हे कळलं आपल्याला. तो येणार म्हणून तू मुलांच्या वेतनाचं काही केलं नव्हतंस. आता कर. विद्यापीठाच्या स्वतःच्या गंगाजळीतून."

"ती वाईट दिवसांसाठी ठेवलीय."

ड्युएन दारातून म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही, पण हा काही चांगला दिवस नव्हे." एवढं बोलून तो स्वतःच दचकला.

"जूनपर्यंत," हॅल शेवटी म्हणाला. "निधी अडकलेली सगळी मुलं, जूनपर्यंत पटावर राहतील. टाक्यांच्या विजेचं मी बोलत नाही, कोरिन. तेवढं मला जमणार नाही."

"समजलं," ती म्हणाली.

मत्स्यबीज केंद्रात सिसा खिडकीशी कोट घालून उभी होती. भावाला तिने आज येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. पुलापर्यंत चालायच्या तयारीने तिने दोन मोजे एकावर एक चढवले होते. कोरिनने तिला जसं घडलं तसं सगळं सांगितलं. गादीचंही सांगितलं.

सिसा हसली नाही. ती विचार करत होती. "म्हणजे कुणी मागितलंच नव्हतं."

"नाही."

"आणि कुणी मागितलं नसताना आपण देणार होतो."

"हो."

"पैसा?"

"तू जूनपर्यंत आहेस. पाण्याचं बघू. अर्ध्या टाक्या बंद कराव्या लागतील. कुठल्या, ते सोमवारी दोघी ठरवू."

सिसाने टाक्यांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "डाव्या बाजूच्या ठेवू. तिकडची पोरं धट्टीकट्टी आहेत." मग तिने फोन काढला, आणि हातातच धरून ठेवला. "न्यान्योला बोलवू का?"

"विद्यापीठाच्या हद्दीचं मी सांगू शकते," कोरिन म्हणाली. "बाहेरच्या रस्त्यावरचं नाही सांगू शकत."

"बाहेरच्या रस्त्यावर तो रोजच असतो," सिसा म्हणाली आणि फोन लावला.

अमारू आला तेव्हा उजेड बर्फावर पिवळा पडायला लागला होता. तो ट्रकमधून उतरला नाही. बुटांना शेण आहे, असं त्याने काचेतून खुणेने सांगितलं. सिसा आत चढली. कोरिन दारात शाल घट्ट धरून बघत राहिली. ट्रक फाटकापाशी पोचला, तेवढ्यात समोरून ड्युएनची पोलीस गाडी आत वळली. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. दोघांनाही वेग कमी करावा लागला आणि गाड्या अगदी आरशाला आरसा लागेल इतक्या जवळून एकमेकींना ओलांडू लागल्या.

ड्युएनने स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर केलं. गावातला माणूस गावातल्या माणसाला करतो तसं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग ट्रकच्या स्टिअरिंगवरूनही एक बोट वर आलं.